मंडळी उभी राहते ती कशावर?

आमच्या गावाचे नाव सांगताना त्याला ‘पंचतन’ हे शेपूट जोडल्यावाचून गत्यंतर नसते. नुसते ‘बोर्ली’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, “कोणती? मांडल्याची का?” एक बोर्ली मुरूड तालुक्यातली, ती बोर्ली मांडला, आणि दुसरी श्रीवर्धन तालुक्यातली, ती आमची बोर्ली पंचतन. एरवी अर्धी ओस वाटणारी आमची घरे दिवाळीत भरून जातात. मुंबईची मंडळी येते, पुण्याची मंडळी येते, पाटावर बसायला जागा उरत नाही. ‘मंडळी’ हा आपल्या भाषेतला मोठा लाघवी शब्द आहे. कीर्तनाला जमते ती मंडळी, नाटक करते ती मंडळी, पंक्तीला बसते ती मंडळी, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ आपल्या पत्नीचा उल्लेख करतो तोही ‘आमची मंडळी’ असाच!

हाच शब्द मराठी ख्रिस्ती समाजाने उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या माणसांना लावला. इंग्रजीत इमारतीला आणि समाजाला एकच नाव चालते; मराठीत तसे नाही. दगडाविटांचे ते देऊळ किंवा चर्च, माणसांची ती मंडळी, आणि तिची देखभाल करणारा तो पाळक. या शब्दांच्या निवडीतच एक विचार दडलेला आहे. देऊळ गवंड्याकडून बांधून घेता येते, मंडळी तशी बांधून घेता येत नाही. मग ती उभी कशी राहते, वाढते कशी, आणि पुष्कळदा सगळी अनुकूलता असूनही उभी का राहत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. बोर्लीहून उत्तरेस दिघीच्या धक्क्यावर जावे, खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरावे आणि मुरूडवरून पुढे गेले की कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई लागते. दक्षिणेस श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत बागमांडल्यास पोचावे, जंगारीतून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीस उतरावे, की जवळच बाणकोट. या दोन नद्यांच्या मुखांशी दोन निरनिराळ्या काळांत ख्रिस्ती मंडळी स्थापन करण्याचे दोन प्रयत्न झाले. एकाच्या पाठीशी तलवार होती, तोफा होत्या. दुसऱ्याच्या पाठीशी शाळा, पुस्तके आणि मनाचा सच्चेपणा होता. कोणीही म्हणेल की पहिला प्रयत्न बुडाला असेल आणि दुसरा फळला असेल. घडले ते नेमके उलट.

प्रथम कोर्लईची हकिकत पाहू. पोर्तुगीजांनी चौल येथे १५२१ मध्ये पाय रोवले. खाडीच्या दक्षिण अंगाला समुद्रात घुसलेली जी टेकडी आहे तिच्यावरचा किल्ला त्यांनी १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकून घेतला. रेवदंड्याच्या कोटात निरनिराळ्या पंथांच्या पाद्र्यांचे मठ आणि चर्चे उठली. त्यांचे पडके मनोरे आजही नारळी-पोफळींच्या बागांतून डोके वर काढून उभे आहेत. राज्यकर्त्यांचा धर्म प्रजेतल्या काही लोकांनी स्वीकारला. त्यात श्रद्धा किती, सक्ती किती आणि पोटाची सोय किती, याचा हिशेब आज कोणाला मांडता येणार नाही. पण सत्तेच्या छायेत ही वाढ झाली हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे मराठ्यांचा जोर झाला. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लईही पोर्तुगीजांनी सोडून दिली. सैनिक गेले, अंमलदार गेले, गोरे मठवासी पाद्री गोव्याकडे निघून गेले. मागे राहिले ते टेकडीच्या पायथ्याशी वस्ती करून असलेले गरीब शेतकरी आणि पूर्वी कोटात चाकरी करणारी कुटुंबे. ज्या सत्तेने त्यांना हा धर्म दिला तिने जाताना त्यांना बरोबर नेले नाही. आता आश्रय नाही, पैसा नाही, भोवताली सगळा परधर्मीय मुलूख. अशी मंडळी एक-दोन पिढ्यांत विरघळून जावी, हाच अंदाज कोणी बांधला असता.

ती विरघळली नाही. पावणेतीनशे वर्षे उलटून गेली, तरी कोर्लईत ती आहे. कार्मेल मातेच्या नावाचे चर्च आहे, सण आहेत, लग्ने आहेत. इतकेच नव्हे, तर पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक स्वतंत्र बोलीही त्यांनी घराघरांतून जपली. तिला ते ‘क्रिस्ती’ म्हणतात. हजाराच्या आतबाहेर माणसे ती बोलतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये एक ग्रंथच प्रसिद्ध केला.

हे कसे झाले? एक तर, मराठी राज्याने या लोकांच्या उपासनेला हात लावला नाही. ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्यापाशी, अशी साधारण वृत्ती होती. दुसरे असे की, युरोपियन पाद्री गेल्यावर उत्तर कोकणातल्या ठिकठिकाणच्या मंडळ्या सांभाळल्या त्या गोव्याच्या देशी पाद्र्यांनी. तो पाद्री दिसण्यात, जेवण्यात, हवापाणी सोसण्यात लोकांसारखाच होता. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: धर्म चर्चमधून घरात आलेला होता. दिवेलागणीची प्रार्थना आई म्हणत होती आणि मूल ऐकत होते. पाद्री एखादे वर्ष आला नाही तरी आई कुठे जाणार? राज्याने लावलेले रोप होते खरे, पण राज्य गेल्यावर त्याला पाणी घातले ते घराने.

घर हीच मंडळीची पहिली जागा, याचा याहून जुना दाखला आमच्या अगदी शेजारी आहे. फक्त तो ख्रिस्ती समाजाचा नव्हे, बेने इस्रायलांचा. बोर्लीहून सहज जाता येते अशा दिवेआगरावरून ज्यांनी ‘दिवेकर’ आडनाव घेतले, ते हे ज्यू लोक. कोकणात तेलघाणी चालवावी आणि शनिवारी घाणी बंद ठेवावी, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कित्येक शतके त्यांच्यापाशी धर्मगुरू नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हते, धर्मग्रंथही नव्हता. होती ती शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे नेम, मुलाची सुंता आणि तोंडपाठ असलेली एक छोटी प्रार्थना. एवढ्या शिदोरीवर समाज टिकला. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा कोणी विद्वान ज्यू आला, त्याने यांना ओळखले आणि यांच्यातलेच तीन तरुण निवडून त्यांना धर्मविधी शिकवले, ते ‘काजी’ झाले, अशी त्यांची परंपरा सांगते. स्वतः गुरू होऊन न बसता त्याने गुरू तयार केले, हा या कथेतला मर्माचा भाग. मुंबईतले पहिले बेने इस्रायली प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये बांधले गेले, तेही एका दिवेकरानेच, सॅम्युअल इझिकेल दिवेकराने.

आता दक्षिणेचे टोक. बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता. त्यांनी त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले होते. पेशवाई बुडाल्यावर सारे कोकण कंपनीच्या अमलाखाली आले, आणि १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीने बाणकोट हे आपल्या कामाचे ठिकाण निवडले. पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. त्याच्या पाठोपाठ जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन असे एकामागून एक आले. बाणकोट आणि हर्णै ही दोन ठाणी झाली. ही माणसे कष्टाळू होती, विद्वानही होती. स्टीव्हन्सनने पुढे मराठीचे व्याकरण लिहिले आणि वेदांचा अभ्यास केला. त्यांनी आसपासच्या गावांतून मराठी शाळा काढल्या आणि त्या बऱ्या चालल्या.

पण शाळा चालल्या म्हणजे मंडळी झाली असे नव्हे. शाळेवर पंतोजी असे तो गावातलाच हिंदू गृहस्थ. मिशनचा पगार घ्यावा, मिशनची प्रश्नोत्तरी मुलांकडून पाठ करून घ्यावी, आणि घरी जाऊन आपली संध्या करावी, असा त्याचा क्रम. त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही; त्याने शिकवण्याचा करार केला होता, धर्म बदलण्याचा नव्हे. मुले अक्षरे घेऊन गेली, आणि तो लाभ काही लहान नव्हता. पण रविवारी एकत्र बसेल, आजाऱ्याच्या घरी जाईल, मेलेल्याला खांदा देईल, अशी म्हणण्याजोगी मंडळी बाणकोटास उभी राहिली नाही. दहा वर्षे व्हायच्या आतच मिशनरींनी आपला मुक्काम मुंबई-पुण्याकडे हलवायला सुरुवात केली. जॉन विल्सन १८२९ मध्ये हिंदुस्थानात आला, मराठी शिकण्यासाठी काही महिने हर्णैस राहिला आणि त्याच वर्षी मुंबईस गेला. तेथे १८३१ मध्ये त्याने लहानशी मंडळी स्थापन केली, आणि त्याच्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झाले. मुंबईला मोठा लाभ झाला. बाणकोटच्या किनाऱ्यावर लाटा होत्या तशा राहिल्या.

याच काळातली आणखी एक मौज सांगण्यासारखी आहे. विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले. बेने इस्रायल आपल्या जुन्या ग्रंथांतून नव्या कराराकडे वळतील, अशी मिशनरींची आशा होती. बेने इस्रायलांनी शाळांचा लाभ घेतला, हिब्रू शिकून घेतली, मराठीतले बायबल वाचले, आणि बहुतेक सारे आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले! ज्याच्या घरात दिवा आहे त्याला तेल दिले तर तो आपलाच दिवा मोठा करणार. त्यात फसवणूक कोणाचीच नाही.

बाणकोटला जे जमले नाही ते सह्याद्रीच्या पलीकडे, नगरच्या कोरड्या माळावर जमले, आणि तेही लगेच नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले होते. पहिली कित्येक वर्षे त्यांच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. मिशनने १८३१ च्या अखेरीस अहमदनगरला, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरला ठाणे घातले. तेथे १८३३ मध्ये छोटी मंडळी झाली. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये निघाले ते याच गावी. पण मंडळीचा पाळक मात्र अमेरिकन साहेबच. पैसा अमेरिकेचा, निर्णय साहेबाचा, आणि आपल्या लोकांनी ऐकायचे, असा प्रकार वीस वर्षे चालला.

बदल झाला तो १८५४ मध्ये. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्या साली स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे साधे होते: मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसार आपण करावा. मिशनरी हा पाहुणा आहे. काम झाले की त्याने पुढच्या गावी जावे. लंडनमध्ये हेन्री व्हेन हेही याच सुमारास असाच विचार मांडत होते. त्याच वर्षी नगरला हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना दीक्षा मिळाली आणि नगरच्या मंडळ्यांचे पाळकपद मराठी माणसांकडे आले. पुण्यास ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजींना १८६७ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, तीही याच ओघात.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीला ठेच होती. अँडरसन यांच्या धोरणाने इंग्रजी शाळांवर गदा आली. ज्यांना मुलाला इंग्रजी शिकवायचे होते ते नाराज झाले, आणि त्यांची नाराजी खोटी नव्हती. पाळक मराठी झाला तरी त्याचा पगार पुष्कळदा मिशनच्याच तिजोरीतून येई, आणि पगार देणारा हात मोकळेपणाने कारभार सोडत नाही. मंडळीतही सारे गोकुळ नव्हते. पाळक ब्राह्मण घरातला आणि खेड्यातले बहुसंख्य सभासद महार समाजातले; प्रभुभोजनात एका भाकरीचे तुकडे आणि एका पेल्यातला द्राक्षारस सर्वांनी घ्यायचा. शतकांची शिवाशीव तेथे प्रत्येकाच्या ओठांशी येऊन उभी राहत असे. जो पुढे होऊन तो पेला घेई त्याची मागची वाट बंद होई: घर, वतन, विहीर सारे तुटे. अशा माणसाला आधार देणे हे मंडळीचे पहिले काम झाले. मंडळी उपदेशाने जमते, पण टिकते ती या आधाराने, असे नगरकडच्या इतिहासावरून दिसते.

दुष्काळांनी वेगळी परीक्षा घेतली. १८७६ ते १८७८ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन भयंकर दुष्काळ दख्खनवर आले. मिशनरींनी अन्न दिले, काम दिले, अनाथ मुले सांभाळली. त्यानंतर बाप्तिस्मा मागणाऱ्यांची संख्या वाढली. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासून ऐकू येतो. जाणत्या मिशनरींनाही ही चिंता होतीच. परंतु संख्या वाढणे आणि मंडळी वाढणे या दोन गोष्टी आहेत, हे दुष्काळ सरल्यावरच कळे. कोण निघून गेला यापेक्षा कोण राहिला, आणि जो राहिला तो पुढच्या हंगामात आपल्या पायलीतले थोडे धान्य मंडळीसाठी काढू लागला का, ही खरी कसोटी. घेणारा देऊ लागला की तो मंडळीचा झाला.

आणि मग गाणे. साहेबांच्या देशच्या चालींवर मराठी शब्द बसवलेली गीते पहिल्या काळात गायली जात. ती म्हणताना जीभ अडखळे. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचली आणि हरिदासाच्या वळणाचे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सारे आपले. ज्या खेडुताला प्रवचनात डुलकी येत असे तो कीर्तनाला रात्रभर बसे.

याला शिखर चढवले ते नारायण वामन टिळकांनी. येथे पुन्हा आपल्या किनाऱ्याची आठवण होते. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये दापोली तालुक्यातल्या करजगावचा. ज्या हर्णैला स्कॉटिश मिशनरी येऊन गेले ते याच तालुक्यात. किनारा सोडून मिशनरी गेल्यावर तीस वर्षांनी तेथे जन्मलेला हा चित्पावन मुलगा फार फिरला, फार भटकला आणि १८९५ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झाला. त्याची केवढी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या घराघरांना ठाऊक आहे. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली. त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मराठी मंडळ्या आजही गातात. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, ही त्यांची भूमिका होती.

परंतु टिळकांचे मोठेपण केवळ गीतांत नाही. मिशनचा पगारी नोकर राहून आपल्या लोकांचा पुढारी होता येत नाही, हे त्यांना शेवटी डाचू लागले. त्यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा. पुढे दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले. देहाला दहन द्यावे अशी त्यांची इच्छा होती. दरबार त्यांच्यामागे फारसा चालला नाही. याचा अर्थ त्यांची कल्पना चुकीची होती असा नव्हे. एकाच माणसाच्या तेजावर उभी असलेली मंडळी त्या माणसाबरोबर मावळते, हा नियम थोरामोठ्यांनाही चुकत नाही. उलट नगरच्या साध्या पाळकांनी, ज्यांची नावे आज कोणी घेत नाही, खेड्याखेड्यांतून बांधलेल्या मंडळ्या चालू राहिल्या. त्यांचे ‘ऐक्य’ नावाचे संमेलन भरे; गाड्या जुंपून लोक येत, हिशेब वाचले जात, भांडणे होत आणि मिटतही. पुढे या मंडळ्या संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या चर्चमध्ये सामील झाल्या.

हा सगळा धांडोळा घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोर्लईला जाणाऱ्यांनी काही ठरवून दिले नव्हते. त्यांना जावे लागले, आणि मंडळी नाइलाजाने स्वतःच्या पायांवर उभी राहिली. नगरला साहेबांनी विचारपूर्वक, थोडा थोडा, कुरकुरत का होईना, हात काढून घेतला आणि मंडळी उभी राहिली. बाणकोटला हात काढून घेण्यापूर्वी तो कोणाच्या हातात द्यावा असा माणूसच तयार झालेला नव्हता. पुढाऱ्याचे खरे काम लोक जमवणे हे नव्हे. आपण गेल्यावर लोकांना आपली उणीव भासू नये अशी व्यवस्था करणे, हे आहे. ही व्यवस्था आईच्या प्रार्थनेत असते, आपल्या चालीच्या गाण्यात असते, पायलीतून काढलेल्या धान्यात असते आणि शेजारच्याच घरातून पुढे आलेल्या पाळकात असते.

कोर्लईची परीक्षा अजून संपलेली नाही. पूर्वी होडीवाचून रेवदंड्याला जाता येत नसे. आता खाडीवर पूल आहे. मुले मराठी शाळेत शिकतात, नोकरीला बाहेर पडतात, आणि चर्चची उपासनाही आता लोकभाषेत चालते. यात वाईट काहीच नाही. पण जी बोली राज्य गेल्याने मेली नाही ती रस्ता आल्याने मरेल की काय, अशी शंका जाणत्यांना वाटते. बोली गेली तरी मंडळी राहील का? मला वाटते राहील, जर दिवेलागणीला कोणी तरी, कोणत्याही भाषेत, प्रार्थना म्हणत असेल आणि एखादे मूल ती ऐकत असेल.

आमच्या बोर्लीतही भाऊबीज झाली की घरे पुन्हा रिकामी होतात. मुंबईची मंडळी पिशव्यांतून चिवडा-चकल्या, नारळ बांधून घेते आणि एस. टी. धरते. मागे राहणारी म्हातारी तुळशीपुढे पणती लावते. गावाची मंडळी अजून मोडलेली नाही, ती तिच्यामुळे. तिला पुढारीण म्हटले तर ती हसेल.